थोरली

थोरलीला भेटायचं तर ऑफिसातल्या सगळ्यात आतल्या खोलीत जावं लागतं. तिथं लाकडी टेबलाखाली, यूपीएसला खेटून, एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घरघरत असतो. त्याच्या डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर आणि त्या फोल्डरमध्ये ती. कागदोपत्री तिचं नाव 'स्टॉक मास्टर नवीन फायनल'. यातलं 'नवीन' आता मिसरूड फुटलेल्या पोरांपेक्षा वयानं मोठं आहे, आणि 'फायनल' तर पहिल्या दिवसापासून खोटं. या नावानं तिला कुणी हाक मारत नाही. 'थोरली' म्हटलं की हमालापासून शेठपर्यंत सगळ्यांना कळतं.

आमचं शीतगृह सांगली-तासगाव पट्ट्यातलं, म्हणजे अर्थातच बेदाण्याचं. द्राक्षं शेडवर वाळली, निवडून पेट्या भरल्या, की गाड्या आमच्या काट्यावर येऊन लागतात. मग वर्षभर, सौद्याला भाव येईल तसा, माल थोडाथोडा बाहेर पडतो. कुणाच्या किती पेट्या, हिरवा की पिवळा की काळा, कुठल्या चेंबरात, कितव्या रॅकला, कधी आला, किती गेला, भाडं किती चढलं, हमाली कुणी दिली, उचल कुणाच्या नावावर, हे सगळं थोरलीच्या पोटात. एखाद्याच्या वडिलांनी कधीकाळी किती पेट्या ठेवल्या होत्या आणि भाड्याचे किती पैसे बाकी ठेवले होते, हेही ती सांगते. बाकीची गोष्ट निघाली की तो माणूस विषय बदलतो. थोरली बदलत नाही. म्हणून ऑफिसात तिच्याबद्दल आदर आहे, आणि आदरापेक्षा धाक जास्त आहे.

तिचं कूळ मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचं. ॲक्सेस बाजारात आलं नोव्हेंबर १९९२ मध्ये. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची मालक असलेली फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली, तेव्हा एकाच छपराखाली दोन डेटाबेस नांदू लागले. आपल्याकडच्या पतपेढ्या, दूध संघ, अडत्यांच्या पेढ्या यांचा जीव मात्र बराच काळ फॉक्सप्रोवरच होता. आमच्याकडंही आधी तेच. गोदाम बघणारे काका अजूनही 'पॅक मारा' म्हणतात. फॉक्सप्रोमध्ये नोंद खोडली तरी ती जात नसे, नुसती खोडल्याची खूण पडे. 'पॅक' ही आज्ञा दिली की मगच ती खरोखर जाई. काकांचं म्हणणं, "नाव बदललं, खोड तीच हाय." काका कॉम्प्युटर शिकलेले नाहीत, पण थोरलीचं इतकं नेमकं निदान पुढं कुणाला जमलं नाही.

कारण थोरलीची मुख्य खोड हीच. आलेलं ती ठेवून घेते, गेलेल्याची जागा सोडत नाही. तिच्या पोटात चार-चार केबीची पानं असतात (ॲक्सेस ९७ पर्यंत ती दोन केबीची होती). नोंद पुसली की पानावर जागा मोकळी होते, पण ते पान तिच्याकडंच राहतं, डिस्कला परत मिळत नाही. सौद्याची यादी एक्सेलमधून येते. ती आपण एका तात्पुरत्या टेबलात ओतून घेतो, लॉट नंबर पडताळतो, हवं तेवढं मूळ टेबलात टाकतो आणि तात्पुरतं टेबल उडवतो. आपल्या मते काम संपलं. थोरली मात्र तेवढ्यानं फुगलेलीच राहते. असे कितीतरी हंगाम, कितीतरी याद्या. तिची साईज बघून परगावचा माणूस म्हणतो, 'केवढा डेटा आहे तुमच्याकडं!' डेटा कसला, निम्म्याहून जास्त रिकामी पानं.

आता तिच्या मराठीविषयी, कारण तिथं एक गंमत आहे. सुरुवातीला शेतकऱ्यांची नावं श्रीलिपीच्या फाँटात भरलेली होती. फाँट लावला की सुंदर देवनागरी, फाँट काढला की इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा काला. दुसऱ्या मशीनवर फाँट नसेल तर अख्खा तालुका परग्रहावरून आल्यासारखा दिसायचा. मग युनिकोडचं वारं आलं आणि एका कन्व्हर्टरनं सगळी नावं पालटली. जुन्या फाँटात रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, युनिकोडात 'र' आधी येतो. कन्व्हर्टरला हे सगळीकडं उमगलं नाही, आणि आमचं 'कर्ज' खातं 'कजर्' झालं. काही अहवालांत ते अजून 'कजर्'च छापलं जातं. अकाउंटच्या मॅडम म्हणतात, राहू दे, फेडणाऱ्याला बरोबर कळतं.

ॲक्सेस २००० पासून थोरलीच्या कुळाला युनिकोड कळतं, म्हणजे एका खुणेला दोन बाइट लागतात. इंग्रजी अक्षरं दाबून एका बाइटात बसवायची सोय तिच्यात आहे, 'युनिकोड कॉम्प्रेशन' नावाची. देवनागरीला ती लागू पडत नाही. एकटं 'ज्ञा' लिहायचं तर ज, हलंत, ञ आणि काना अशा चार खुणा, म्हणजे आठ बाइट. मराठीनं थोरली जाड झाली असं कुणी म्हणालं तर मात्र मी भांडेन. हजारो नावं अक्षरागणिक आठ-आठ बाइटांनी मोजली तरी त्यांची बेरीज मोबाईलवर काढलेल्या फोटोंच्या एका अल्बमाएवढी होत नाही.

फोटोंचं नाव निघालंच आहे. थोरलीला सगळ्यात जास्त फुगवलं ते फोटोंनीच. शेठच्या पुतण्याच्या डोक्यात आलं की प्रत्येक लॉटच्या नमुन्याचा फोटो नोंदीतच असावा, म्हणजे व्यापाऱ्याला पडद्यावर माल दाखवता येईल. कल्पना वाईट नव्हती. टेबलात एक 'ओएलई ऑब्जेक्ट' नावाचा रकाना वाढवला आणि काट्यावरच्या ताईंनी लॉटगणिक फोटो चिकटवायला सुरुवात केली. या रकान्यात फोटो नुसता फोटो म्हणून राहत नाही. जुन्या पद्धतीत त्याच्यासोबत पडद्यावर दाखवायची एक न दाबलेली प्रतही बसते. मग काहीशे केबीचा जेपीजी आत गेल्यावर काही एमबींचा होतो. एवढ्या पेट्या, एवढे लॉट आणि प्रत्येकाचं असं बाळसं. हंगाम भरात यायच्या आतच थोरलीनं दीड जीबी ओलांडला होता, आणि कुणी बघतच नव्हतं.

ॲक्सेस ९७ पर्यंत या कुळातल्या फाईलला १ जीबीची हद्द होती, २००० पासून २ जीबीची. २००७ मध्ये नवं रूप आलं, एमडीबीचं एसीसीडीबी झालं, पण हद्द तीच राहिली. नेमकी सांगायची तर २,१४,७४,८३,६४८ बाइट, म्हणजे दोनशे चौदा कोटींवर चौऱ्याहत्तर लाख. यातला काही भाग तिच्या स्वतःच्या आतल्या कामकाजाला जातो. माणसाच्या हिशेबात एवढे रुपये म्हणजे मोठी रक्कम. फोटोंच्या हिशेबात चिल्लर.

त्या हद्दीला थोरली टेकली ती दुपारची वेळ होती. बाहेर गाड्यांची रांग, काट्यावर एक ट्रॅक्टर, ताईंनी वजन टाकून सेव्हचं बटण दाबलं आणि पडद्यावर चौकट आली: 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. परत दाबलं, परत तेच. पोट भरल्यावर थोरली पोट भरलं असं सांगत नाही, भलतंच काहीतरी पुटपुटते. ताईंना वाटलं, तारीख चुकली. मॅडमना वाटलं, लॉट नंबर दोनदा पडला. पुतण्याला व्हायरसची शंका आली. मशीन बंद करून चालू झालं, माऊस बदलून झाला, केबल काढून घातली गेली. ट्रॅक्टरवाला काट्यावरून हलेना. शेवटी कुणीतरी आतल्या खोलीत जाऊन फाईलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, तेव्हा आकडा समोर उभा. त्या संध्याकाळच्या सगळ्या आवक पावत्या कार्बन घालून हातानं फाडल्या. काकांनी त्या पावत्यांचं जुनं पुस्तक ज्या तत्परतेनं कपाटातून काढलं, त्यावरून ते या दिवसाची वाट बघत होते की काय, अशी शंका मला आजही आहे.

यावरचा उपाय म्हणजे 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'. नावात दाबणं असलं तरी प्रत्यक्षात थोरली दाबली जात नाही, ती नव्यानं लिहिली जाते. ॲक्सेस एक कोरी फाईल घेतं, जुन्यातल्या जिवंत नोंदी एकेक करून प्रायमरी कीच्या क्रमानं तिच्यात उतरवतं, इंडेक्स नव्यानं बांधतं, मेलेली पानं मागं सोडतं, आणि शेवटी नव्या फाईलला जुनं नाव देतं. त्यासाठी डिस्कवर आणखी एका थोरलीएवढी जागा मोकळी लागते. आणि मुख्य अट म्हणजे त्या वेळी आत कुणीही नको. एकही माणूस नको.

सगळ्यांना बाहेर काढणं हे आमच्या ऑफिसातलं सगळ्यात अवघड काम. थोरलीच्या शेजारी, कुणी आत गेलं की, तिच्याच नावाची एक इवलीशी फाईल उगवते. एमडीबीची असेल तर एलडीबी, एसीसीडीबीची असेल तर एलएसीसीडीबी. आत कोण आहे याचं ते रजिस्टर. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप पुसली जाते. म्हणून त्या फोल्डरवर प्रत्येकाला नुसता वाचायचा नाही, तर फाईल बनवायचा आणि पुसायचाही हक्क लागतो. 'सगळ्यांना फक्त रीड ओन्ली देतो, म्हणजे सुरक्षित' असं म्हणणारा कॉम्प्युटरवाला ही गोष्ट आमच्याकडं येऊन शिकला.

ते रजिस्टर नोटपॅडमध्ये उघडता येतं. काही विचित्र खुणांच्या मधून मशीनची नावं दिसतात: काटा, अकाउंट १, अकाउंट २, गोदाम. मग हाक जाते, "थोरलीतनं भाईर पडा रे!" गोदामातून उत्तर येतं, "मी कवाच पडलोय की." नाव तर आत दिसतंय. वाद होतो. खरं असं की या रजिस्टरातून माणूस गेला तरी त्याची ओळ लगेच पुसली जात नाही, दुसरं कुणी त्या जागी येईपर्यंत ती तशीच राहते. म्हणजे रजिस्टर खोटं बोलत नाही, पण जुनं बोलतं. शेवटी खरा आरोपी सापडतो तो अकाउंट २. फॉर्म उघडा टाकून, स्क्रीन लॉक करून, दार ओढून घरी गेलेला. पासवर्ड त्याच्या बायकोच्या नावावर असल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण नाव कुणाला ठाऊक नसतं.

त्या दुपारच्या गोंधळानंतर फोटो सगळे बाहेर काढले. आता ते एका साध्या फोल्डरात असतात आणि टेबलात नुसता त्यांचा पत्ता असतो, 'अमुक फोल्डर, तमुक लॉट'. व्यापाऱ्याला पडद्यावर माल पूर्वीसारखाच दिसतो. मग आधी थोरलीची एक प्रत बाजूला काढून ठेवली, ती उघडते हे पाहिलं, आणि मग कॉम्पॅक्ट केलं. दोन जीबीची थोरली साडेतीनशे एमबीच्या आसपास आली. पुतण्याला पटेना, त्यानं एकदा आवक मोजली, एकदा जावक मोजली. नोंदी सगळ्या होत्या. नुसता फुगवटा गेला होता.

साईजचा प्रश्न असा सुटला. वाटून घ्यायचा प्रश्न मात्र वेगळा, आणि माझ्या मते तोच खरा. थोरली सगळ्यांची आहे, पण ती सर्व्हर नाही. हे वाक्य समजायला आमच्या ऑफिसला बरीच वर्षं लागली.

आमच्याच शीतगृहाकडं बघा. शेतकरी दारात येतो, खिडकीवर पावती देतो. आत जातो तो हमाल. तोच रॅक शोधतो, तोच पेट्या काढतो, दार क्षणभर उघडतं आणि बंद होतं. शेतकऱ्याला चेंबरात पाऊल टाकायची गरजच नाही. एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस असा चालतो: आपण मागायचं, आत बसलेल्या प्रोग्रॅमनं काढून द्यायचं. थोरलीकडं हमालच नाही. ज्याला पेटी हवी तो स्वतः दार उघडून आत शिरतो, रॅक चाचपतो, हवी ती पेटी घेतो, आणि असे एकाच वेळी पाच-सहाजण आत फिरत असतात. टेबलाखालचा तो घरघरणारा कॉम्प्युटर काहीच शोधत नाही. तो फक्त पानं पुरवतो. शोधाशोध प्रत्येकाच्या आपापल्या मशीनवर होते. लॉट नंबरच्या रकान्याला इंडेक्स असेल तर मोजकी पानं केबलवरून धावतात. नसेल तर एका लॉटसाठी अख्खं आवक टेबल धावतं. आमच्याकडं व्यापाऱ्याच्या नावाला कित्येक वर्षं इंडेक्स नव्हता, आणि सौद्याच्या दिवशी सगळं ऑफिस 'नेट स्लो आहे' म्हणून इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसायचं. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

म्हणून थोरलीचे दोन भाग केले. ॲक्सेसमध्येच 'डेटाबेस स्प्लिटर' नावाची सोय आहे. टेबलं सगळी थोरलीत राहिली. फॉर्म, अहवाल, क्वेरी, कोड यांची वेगळी फाईल झाली, ती धाकटी. धाकटी प्रत्येकाच्या मशीनवर स्वतंत्र, आणि थोरलीतल्या टेबलांशी तिची गाठ बांधलेली. त्यापूर्वी सगळेजण शॉर्टकटवरून एकच फाईल उघडायचे आणि एकाच्या मशीनवर फॉर्म बिघडला की सगळ्यांचा बिघडायचा. आता बिघडली तर एक धाकटी बिघडते, ती टाकून नवी कॉपी करायची, अर्धा मिनिट. गाठ बांधताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. एका मशीनवर झेड ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर वाय ड्राइव्ह असेल तर धाकटी दुसरीकडं नेल्यावर वाट चुकते. त्यापेक्षा दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा, मशीनच्या नावासकट पूर्ण पत्ता द्यावा.

तरीही भांडणं होतात, पण ती माणसांची. ताई एका शेतकऱ्याची जावक भरत असतात, त्याच वेळी मॅडम त्याच नोंदीत भाडं दुरुस्त करतात. जिचं सेव्ह नंतर, तिला चौकट दिसते, की तुम्ही हात घातल्यापासून ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे. खाली तीन बटणं: 'सेव्ह रेकॉर्ड', 'कॉपी टू क्लिपबोर्ड', 'ड्रॉप चेंजेस'. पहिलं दाबलं की समोरच्याचा बदल पुसून आपला बसतो. मॅडम कायम पहिलं दाबतात.

प्रवास थोरलीला सोसत नाही. शेठना केबिनमधून लॅपटॉपवर आवक बघायची हौस. वाय-फायवर. वाय-फाय क्षणभर तुटलं तर मोबाईलवर गाणं एकदा अडखळतं आणि पुढं चालू लागतं. थोरलीत त्याच क्षणी एखादं पान लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं, आणि सकाळी पहिला उघडणारा माणूस 'डेटाबेस ओळखता येत नाही' अशा अर्थाचा निरोप वाचतो. शेठच्या टेबलापर्यंत निळी लॅनची केबल ओढली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या शोरूमचं वाय-फाय कसं चालतं मग?" शोरूमचं चालतं, कारण तिथं आत हमाल असतो. सांगलीच्या घरून बघायचं तर त्यांना रिमोट डेस्कटॉप दिला. घरी बसून ते ऑफिसातलंच एक मशीन चालवतात. वाटेवरून फक्त चित्र आणि बोटांच्या हालचाली जातात, थोरली जागची हलत नाही.

पुतण्यानं मधे एकदा अख्खं फोल्डर क्लाउडच्या सिंकमध्ये टाकलं होतं, बॅकअप आपोआप होईल म्हणून. सिंकवाला प्रोग्रॅम फाईल बदलली की तिची प्रत वर पाठवतो. चार माणसं आत काम करत असताना थोरली सतत बदलतच असते. कुठल्या क्षणी कुठली अर्धी थोरली वर गेली आणि दुसऱ्या मशीनवर खाली उतरली, याचा थांग लागत नाही. क्लाउड वाईट नाही. रात्री सगळे बाहेर पडल्यावर बंद थोरलीची प्रत वर ठेवा, तिला काही होत नाही. चालत्या थोरलीला सिंकमध्ये टाकणं हे मात्र शुद्ध अविचाराचं काम आहे, आणि ते करणारे लोक मला शिकलेल्यांतच जास्त भेटले आहेत.

ऑडिटच्या वेळी तिला बाहेर पाठवायची वेळ येते. ईमेलनं जात नाही. आउटलुक जोडलेली एमडीबी फाईल धोक्याची समजून अडवतं, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबी. मग पेन ड्राइव्ह मोटारसायकलवरून जातो. एका वर्षी ऑडिटरच्या असिस्टंटनं आपल्या प्रतीत चार नोंदी 'जाता जाता' दुरुस्त केल्या आणि फाईल परत पाठवली. तोवर आमच्याकडच्या थोरलीत पंधरवड्याची आवक पडली होती. दोन थोरल्या, दोन्ही खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. आता ऑडिटरला फक्त लागतील ते तक्ते एक्सेलमध्ये काढून देतो. तेही नव्या एक्सेलमध्ये. जुन्या एक्सएलएसला ६५,५३६ ओळींची हद्द होती, तिच्यापुढच्या नोंदी त्यात मावतच नाहीत. नव्या एक्सएलएसएक्सला १०,४८,५७६ ओळी पुरतात.

सांगलीहून येणारा कॉम्प्युटरवाला पोरगा दरवर्षी एकच सल्ला देतो. टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर हलवा, फुकट आहे, २००८ आर२ आवृत्तीपासून एका डेटाबेसला निदान १० जीबी मिळतात, धाकटी आहे तशी ठेवा, फक्त गाठ सर्व्हरशी बांधा. शेठ दरवर्षी एकच उत्तर देतात, "चाललंय न्हवं?" मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. कागदावर थोरलीत एका वेळी २५५ माणसं शिरू शकतात. प्रत्यक्षात तेवढी शिरली तर काय होईल ते बघायची माझी इच्छा नाही. पण एका इमारतीत, केबलवर, पाच-सहा माणसं आणि फोटो बाहेर, एवढ्यावर तिनं आमचे कितीतरी हंगाम बिनबोभाट ओढले. तिची बदनामी झाली ती आम्ही तिच्यावर टाकलेल्या ओझ्यामुळं. सर्व्हर आणायचा खर्च वाचवला आणि सर्व्हरकडून करायचं काम तिच्याकडून करून घेतलं.

आता मात्र शेठनीही मान हलवली आहे. पंढरपूरकडं नवं शीतगृह घेतलं, आणि तिथल्या काट्यावरची आवक इथल्या पुस्तकात दिसायला हवी. दोन गावांत मिळून एक थोरली चालत नाही, कितीही कॉम्पॅक्ट करा. हंगाम संपला की टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर जाणार, धाकटी राहणार. 'कजर्' खातंही तेव्हाच सुधारायचं ठरलं आहे. मॅडमचा त्याला विरोध आहे.

तुमच्या ऑफिसात, पतसंस्थेत, दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत अशी एखादी थोरली असेलच. आज तिच्यावर उजवं क्लिक करून साईज बघा. दीड जीबीच्या वर गेली असेल तर संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढा, अकाउंट २ ला फोन करून बोलवावं लागलं तरी बोलवा. आधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, ती उघडून बघा, मगच कॉम्पॅक्ट करा. आणि फोटो टेबलात ठेवले असतील तर त्याच रात्री बाहेर काढा.